शालनमावशीच्या चौदा सह्या

तुम्हाला तुमचं काम येतं, हे कागदावर कुणी लिहून द्यायचं? काम देणाऱ्यानं, काम शिकवणाऱ्यानं, की तुमच्या हातून तयार झालेल्या वस्तूनं?

घाईनं उत्तर देऊ नका. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी चार वर्षं कामगार विभागात होते. माणसांच्या नावापुढं 'कुशल' किंवा 'अकुशल' हे शब्द टाइप करणं माझ्या कामाचा भाग होता, आणि जवळजवळ शेवटपर्यंत हा प्रश्न मला पडला नाही. ज्या बाईमुळं पडला तिच्याबद्दल हे लिहिते आहे. शेवटी मला तुमच्याकडं काहीतरी मागायचंही आहे. पण आधी ती बाई कोण होती ते ऐका.

शालन आनंदा चौगुले. कंपनीत सगळे तिला मावशी म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठा असलेला गेटवरचा वॉचमनसुद्धा. नऊवारीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, डोक्याला घट्ट टॉवेल, नाकातोंडावरून पदर. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी. नवा चष्मा घे म्हटलं की म्हणायची, "काडी मोडल्या, काच न्हाय." कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलायची. आवाज एवढा की कोअर शॉपमधून तिनं हाक मारली तर भट्टीजवळचा माणूस वळून बघे, आणि भट्टीजवळ एरवी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

कोअर शॉप म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगते. पंपाचं पोट किंवा इंजिनातला पाण्याचा मार्ग लोखंड ओतताना पोकळ राहावा लागतो. त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा घट्ट ठोकळा आधी साच्यात बसवतात आणि त्याच्याभोवती लोखंड ओततात. लोखंड निवलं की आतली वाळू फोडून काढतात. तो वाळूचा ठोकळा म्हणजे कोअर. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या पेटीत वाळू ठासून तो करायचा, तारेनं वाफेला वाट ठेवायची, गॅस सोडून कडक करायचा आणि न मोडता पेटीबाहेर काढायचा. आमच्याकडं हे काम बहुतेक बायकाच करतात. म्हणजे शालनमावशीनं दिवसभर राबून जे केलं, ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी हातोडी मारून फोडायचं, आणि फोडल्याशिवाय ते पूर्णच व्हायचं नाही. ओतलेल्या लोखंडाचे फोटो कंपनीच्या भिंतीवर लावलेले होते. पोकळीचा फोटो कसा लावणार? मी एकदा तिला हे म्हणाले, तर ती म्हणाली, "लोखंड सगळ्यास्नी दिसतंय. आतली वाट आमची हाय. पाणी तिथनं जातंय न्हवं, मग झालं."

तिची शिकवण्याची पद्धत एकच होती. नवं माणूस आलं की त्याच्या हातात मूठभर वाळू द्यायची. मूठ आवळ. उघड. आता मधून मोड. दोन तुकडे नीट झाले तर वाळू बरी. भुगा झाला तर परत मळ. चार दिवस हेच. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन आलेली पोरं कंटाळून माझ्याकडं तक्रार घेऊन यायची की आम्हाला वाळूशी खेळायला ठेवलंय. पाचव्या दिवशी ती त्यांना पेटी भरू द्यायची. चांगलं झालं असं तिनं कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. काम बरं असेल तर ती काही न बोलता पुढच्या टेबलाकडं सरकायची. चूक असेल तर सगळ्या शॉपला कळेल एवढ्या मोठ्यानं झाडायची, आणि मग दुपारी एक वाजता डबा उघडून अर्धी भाकरी त्याच माणसाच्या हातात ठेवायची. त्यामुळं मावशीनं भाकरी दिली म्हणजे सकाळी आपलं काहीतरी चुकलेलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संजय म्हणून एक जण आहे, आज तो त्याच कोअर शॉपचा सुपरवायझर आहे. पहिले दोन महिने मला घरनं डबा आणायची गरजच पडली नाही, असं तो हसत सांगायचा.

समारंभांचा तिला राग होता. महिला दिनाला कंपनीनं बायकांना रांगेत उभं केलं, टाळ्या झाल्या आणि मॅनेजर साहेबांनी तिला पुष्पगुच्छ दिला. तिनं तो घेतला, उलटसुलट करून बघितला आणि साहेबांच्या हातात परत ठेवला. "ह्यो तुमच्या टेबलावर ठेवा साहेब. आमच्यात वाळूनं मरंल. आणि आमच्या शॉपचा पंखा बंद हाय, त्येचं बघा." टाळ्या अजून चालूच होत्या. पंखा त्या आठवड्यात दुरुस्त झाला. साहेब वाईट माणूस नव्हते. पुढं जे झालं ते सांगताना मला त्यांना राक्षस करायचं नाही. राक्षस असते तर सगळंच सोपं झालं असतं.

कंपनीला ऑर्डरी वाढत होत्या आणि हात कमी पडत होते. शिरोलीत वाळूत उतरायला पोरं तयार नव्हती. शिकलेली पुण्याला जात, उरलेली मोटारसायकलवरून घरोघर पार्सलं पोचवत. कुशल कामगार मिळत नाहीत, हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये तीनदा तरी व्हायचं. मग ठरलं की माणसं कारखान्याकडं येत नसतील तर कारखाना माणसांकडं न्यायचा. चंदगड तालुक्यात जागा बघितली. तिकडं काजू फोडण्याचे कारखाने आहेत, त्यातले दोन-तीन बंद पडले होते आणि काजू सोलून सोलून बोटं तयार झालेल्या बायका घरी बसून होत्या.

पहिल्या पाहणीला साहेबांनी मावशीला गाडीत घालून नेलं. मीही होते, माहिती लिहून घ्यायला. एका बंद शेडमध्ये पंचवीसेक बायका जमल्या. साहेब बोलत होते, मावशी ऐकत नव्हती. ती एकेकीचे हात उलटे करून बघत होती. काजूच्या टरफलाचं तेल चामडी जाळतं. वर्षानुवर्षं त्या तेलात राहिलेल्या बोटांची टोकं काळी आणि गुळगुळीत झालेली होती. पार्वती नावाच्या एका बाईचे हात तिनं बराच वेळ धरून ठेवले. पार्वती चाळिशीची असेल, सगळ्यांच्या वतीनं तीच बोलत होती. मावशीनं तिला विचारलं, आख्खा गर न फुटता काढायला किती दिवसांत आलं. पार्वती म्हणाली, एक आख्खा हंगाम गेला. मावशी वळली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, ह्यास्नी शिकवायचं काय? ह्यांची बोटं आपल्या पोरांच्या फुडं हायत. फकस्त काजूच्या जागी वाळू."

परत आल्यावर पाहणीचा अहवाल मीच टाइप केला. त्यात साहेबांनी सांगितलेलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'सदर ठिकाणी बारीक हस्तकामात निष्णात मनुष्यबळ मुबलक उपलब्ध आहे.' त्या वाक्यावर मंजुरी आली आणि शेड उभी राहिली. हे वाक्य लक्षात ठेवा. कंपनीला नंतर त्याचा विसर पडला.

चौदा बायका घेतल्या. मावशीला तीन महिने शिकवायला पाठवलं, आणि ऑफिसचं काम बघायला मला. तिकडच्या बायका तिला मावशी म्हणाल्या नाहीत, अक्का म्हणाल्या. ते तिला आवडलं. मावशी म्हटलं की माणूस आयतं खायला मागतंय, अक्का म्हटलं की ऐकतंय, असं तिचं म्हणणं होतं.

दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली. पंपाच्या एका कोअरची मोड फार होऊ लागली. पेटीतून काढता काढताच कोअर मोडायचा. साहेब कोल्हापूरहून आले, बघितलं आणि कामगारांचा निष्काळजीपणा म्हणून नोंद करायला सांगून शेडमध्ये फिरू लागले. मागच्या भिंतीशी त्यांना तीन क्रेट दिसले. मोडलेला कोअर लगेच फोडून वाळू परत मळायला टाकायची असते, हा साधा नियम. इथं मोडलेले सगळे कोअर जपून ठेवले होते, तेही वर्गवारी करून. एका क्रेटमध्ये नुसता टवका उडालेले, दुसऱ्यात दोन भाग झालेले, तिसऱ्यात बारीक तुकडे. खाली धुतलेलं पोतं अंथरलेलं.

हे काय म्हणून साहेबांनी विचारलं. पार्वतीनं अगदी सरळ सांगितलं, "ह्यो आख्खा, ह्यी पाकळी, ह्यो तुकडा." काजूच्या धंद्यात फुटलेला गरही विकला जातो. आख्ख्याची प्रत वेगळी, पाकळीची वेगळी, तुकड्याची वेगळी, आणि फुटका गर टाकून देणारी बाई कामावर राहत नाही. त्यांना वाटलं होतं, वाळूच्या तुकड्यांनाही कुठंतरी गिऱ्हाईक असेल. सांगायचं राहिलं होतं, आणि सांगायचं राहिलंय हे मावशीच्याही लक्षात आलं नव्हतं. साहेबांना हसू आवरेना. बरोबरचा ड्रायव्हरही हसला. बायका खाली बघू लागल्या.

मावशी हसली नाही. ती 'पाकळी'च्या क्रेटपाशी उकिडवी बसली आणि एकेक अर्धा उचलून जमिनीवर मांडू लागली. वीस-बावीस अर्धे ओळीत लावले. सगळे एकाच जागी मोडले होते, मानेजवळ, डाव्या अंगाला. हात चुकला असता तर एक इथं मोडला असता, दुसरा तिथं. मग तिनं कोअरची पेटी मागवली, आतून बोट फिरवलं आणि साहेबांचं बोट धरून त्याच जागेवरून फिरवलं. पेटी झिजलेली होती. शिरोलीत वापरून जुनी झालेली पेटी नव्या शेडला पाठवली होती, तिथं एक बारीक कड वर आली होती आणि कोअर उचलताना मानेला धरत होती.

"निष्काळजीपणा कुणाचा लिवायचा आता?" तिनं विचारलं.

 जुनी पेटी शिरोलीला परत गेली, नवी आली, मोड थांबली. माझ्या रजिस्टरमधली नोंद मात्र खोडायला मला कुणी सांगितलं नाही आणि मीही खोडली नाही. दुपारी मावशीनं डबा उघडला आणि अर्धी भाकरी कुणाला द्यावी ते तिला कळेना. शेवटी तिनं ती एकटीनंच खाल्ली आणि मला म्हणाली, "सव्वीस वर्सं झाली मला. मोडका कोअर दिसला की मी फोडतो. ठेवून बघावा, हे कधी डोक्यात आलं न्हाय. ह्या बायांनी शिकवलं." त्या दिवसापासून चंदगडच्या शेडमध्ये मोडलेले कोअर दिवसभर ठेवायचे आणि संध्याकाळी बघून मगच फोडायचे, असा तिनं नियम केला. आज शिरोलीतही तसंच करतात. तिथं भिंतीवर त्याचा तक्ता लावला आहे, त्यावर इंग्रजी नाव आहे आणि खाली एका इंजिनिअरची सही आहे.

तीन महिने संपत आले. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा कागद तयार करायचा होता आणि त्यावर शिकवणारीची सही लागणार होती. तिचं पद आणि श्रेणी भरायची म्हणून मी कॉम्प्युटरवर तिची नोंद उघडली. पद: हेल्पर. श्रेणी: अकुशल. रुजू झाल्यापासून आजपर्यंत तेच. मला वाटलं माझंच काही चुकतंय. पुन्हा उघडली. तेच होतं.

मी तिला बोलावून दाखवलं. हे तिला आधीच माहीत असेल असं मला वाटत होतं. तिला माहीत नव्हतं. पगाराच्या चिठ्ठीवर एवढी अक्षरं असतात, मी नाव बघायचो आणि पोराच्या हातात द्यायचो, म्हणाली. चष्मा नाकावर दाबून तिनं पडद्यावरची ओळ बोट लावून वाचली. मग म्हणाली, संजयचं काढ. मी काढलं. पद: कोअर मेकर. श्रेणी: कुशल. आणखी चार नावं तिनं सांगितली, सगळी तिनंच शिकवलेली, सगळी पुरुषांची. चारही कुशल. तिच्याबरोबर लागलेल्या दोन बायकांची नावं सांगितली. दोघी हेल्पर, दोघी अकुशल.

ती बाहेर नळावर गेली, हात धुतले, पदराला पुसले आणि परत येऊन बसली. रागावेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मास्तर नापास आणि वर्ग पास. बरं हाय की."

कागद घेऊन साहेब स्वतः आले. चौदा नावांची यादी, वर छापलेला मजकूर: खालील कामगारांचे प्रशिक्षण पूर्ण झाले असून त्यांना हेल्पर, अकुशल या श्रेणीत सामावून घ्यावे. प्रत्येक नावापुढं 'अकुशल' टाइप केलेलं. टाइप करून कोल्हापूरला मीच पाठवलं होतं. साहेबांनी आणखी एक गोष्ट आणली होती. मावशी दोन महिन्यांनी निवृत्त होणार होती. कंपनी राज्याच्या सीमेकडं तिसरी जागा बघत होती आणि तिथंही शिकवायला माणूस हवं होतं. निवृत्तीनंतरही तुम्हीच जायचं, पत्र तयार आहे, असं साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले. तिला ते हवं होतं, हे मला माहीत आहे. कळंब्याच्या घरात बसून मी काय करणार, तळ्याकडं बघत बसू काय, असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची. शिकवल्याशिवाय तिला करमत नव्हतं.

तिनं यादी वाचली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, वाचायला वेळ लागला. साहेब थांबले. मग तिनं माझ्याकडून पेन मागून घेतलं, पहिल्या नावापुढचा 'अकुशल' आडवी रेघ मारून खोडला, शेजारी 'कुशल' लिहिलं आणि खाली सही केली. पूर्ण नावाची, शालन आनंदा चौगुले. तिच्या सहीला मिनिटभर लागायचं. मग दुसरं नाव.

तिसऱ्या नावाशी साहेबांना कळलं. ते म्हणाले, "मावशी, तुमच्या लिहिण्यानं श्रेणी बदलत नाही."

"मग माझी सही कशाला मागालाय?" ती म्हणाली, मान वर न करता.

साहेबांनी समजावलं. श्रेणी कोल्हापूरला ठरते, वर ठरते, सगळीकडं असंच आहे, हळूहळू होईल, कारखानाच चालला नाही तर या बायका परत घरी बसतील. यातलं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. दुसरा कागद काढून देतो, त्यावर नुसती सही करा, असंही ते म्हणाले. तिसऱ्या जागेच्या पत्राचा त्यांनी पुन्हा उल्लेख केला नाही. ते पत्र टेबलावर पाकिटात होतं आणि सगळ्यांना दिसत होतं.

ती एकेक नाव खोडत आणि लिहीत राहिली. शेडमध्ये कोअर ठोकण्याचे आवाज एकेक करून थांबले. बायका दारात आल्या. तिनं पार्वतीचं नाव शेवटी घेतलं. चौदावी सही झाल्यावर पेन माझ्या हातात दिलं आणि साहेबांना म्हणाली, "तुमी हितं कशापायी आला, ते तुमीच लिवलंय. मी तेच लिवलं."

साहेबांनी पाकीट उचललं, कागद माझ्याकडं दिला, फाइल कर म्हणाले आणि गाडीत बसले. मी फाइल केला. त्याआधी त्याची प्रत काढली आणि पार्वतीला दिली. त्या नोकरीत मी नंतर फार दिवस राहिले नाही.

मावशीला पुढच्या आठवड्यात शिरोलीला परत बोलावलं आणि दोन महिन्यांनी ती निवृत्त झाली. तिसऱ्या जागेवर दुसरं कुणी गेलं. चौदा बायकांच्या पगाराच्या चिठ्ठीवर आजही हेल्पर लिहिलेलं आहे. पण त्या गप्प बसल्या नाहीत. पार्वतीनं ती प्रत आणि मी तिला लिहून दिलेलं पाहणीच्या अहवालातलं ते वाक्य जोडून कामगार कार्यालयात अर्ज केला. आम्हाला कुशल लिहा, एवढीच मागणी. सुनावणी लागली. साक्षीला शालन चौगुले यांना बोलवावं, असं बायकांनी लिहून दिलं.

पहिली तारीख पुढं गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या तारखेला सकाळीच कळलं की आजही होणार नाही. तेव्हा ते सांगायला मी कळंब्याला तिच्या घरी गेले. तिला दमा होता, गेल्या काही महिन्यांत तो फार वाढला होता. सून म्हणाली, चार पावलं चालली तरी बसावं लागतंय. ती उंबऱ्याशी खुर्चीत बसली होती. इस्त्रीची साडी, तेल लावून घट्ट बांधलेले केस, पायात चपला. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि आधार कार्ड. सकाळी सहापासून तयार होऊन बसली आहे, असं सुनेनं सांगितलं. खाकी शर्टाशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

तारीख पुढं गेली, हे मी तिला सांगितलं.  तिनं एकेकीचं नाव घेऊन चौदाही जणींची चौकशी केली. एका बाईचं नाव मला आठवेना, तर मला झाडलं. मी निघाले तेव्हाही ती खुर्चीतून उठली नव्हती. चपला तशाच पायात होत्या. "फुडच्या खेपेला आदल्या दिशी सांग," ती म्हणाली, "मला हळूहळू यायला लागतंय."

तेच तिचं शेवटचं दर्शन. पुढच्या तारखेच्या आधी ती गेली.

त्या पुढच्या तारखेला कंपनीच्या वतीनं जे उत्तर आलं ते मी स्वतः ऐकलं. अर्जदार ज्या कागदाचा आधार घेत आहेत, त्यावर सही करणारी व्यक्ती स्वतः अकुशल श्रेणीतील हेल्पर होती. अकुशल व्यक्ती दुसऱ्याला कुशल ठरवू शकत नाही. सबब कागद ग्राह्य धरू नये.

सव्वीस वर्षं तिला अकुशल लिहिलं, आणि आता तेच तिच्या चौदा सह्यांविरुद्ध पुरावा म्हणून आणलं. पार्वती माझ्या शेजारी उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अक्काला कुणी बघितलं न्हाय व्हय काम करताना? एवढी माणसं शिकली तिच्याजवळ."

माणसं आहेत. मी संजयला भेटले. मावशीच्या मातीला तो आला होता, पोरांसारखा रडला होता. दोन ओळी लिहून दे म्हटलं तर म्हणाला, "मावशीसाठी जीव देतो, पण माझी नोकरी हाय." मी त्याला दोष देत नाही. एकट्यानं लिहायला भीती वाटते. पण तो एकटा नाही, हे मला माहीत आहे. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, पुण्यात, आखाती देशांत आज कुशल म्हणून काम करणारे कितीतरी जण तिच्या हाताखालून गेले आहेत.

हे वाचणाऱ्यांत तुम्ही असाल, तर तुम्हाला माझी विनंती आहे. एक कोरा कागद घ्या. तुम्ही आज काय काम करता आणि तुमच्या कागदावर कोणती श्रेणी आहे ते लिहा. मग लिहा की हे काम मला शालन आनंदा चौगुले यांनी शिकवलं. पूर्ण नावानं सही करा आणि तो कागद पुढच्या तारखेआधी पार्वतीच्या हातात पोचवा. चंदगडच्या त्या शेडमध्ये ती रोज सकाळी आठला कामावर असते.